सोबती पात्रांशी जुळणारे नाते : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

व्हिडिओ गेममधील सोबती पात्रांविषयी आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. खेळाडूच्या बरोबर चालणारे, लढणारे किंवा नुसतेच सोबत राहणारे, परंतु ज्याचा ताबा खेळाडूकडे नसून संगणकाकडे असतो, ते सोबती पात्र, असा अर्थ येथे धरला आहे. उत्तरांच्या ओघात काही जुन्या खेळांच्या कथानकातील महत्त्वाचे प्रसंग उघड झाले आहेत, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : खेळात माझ्या सोबत्याला इजा झाली की स्वतःचा जीव धोक्यात घालून मी आधी त्याच्याकडे धावतो. तो केवळ एक प्रोग्रॅम आहे, हे मला पुरते ठाऊक आहे. तरीही मन असे का वागते?

उत्तर : एखाद्या गोष्टीचे खरे स्वरूप ठाऊक असले, म्हणून तिच्याविषयी काय वाटावे हे आपल्या हाती राहत नाही. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना एक छोटा चित्रपट दाखवला, ज्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकटीच्या आतबाहेर फिरत होते. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याचे वर्णन आकृत्यांची हालचाल म्हणून न करता माणसांची गोष्ट सांगावी तसे केले : मोठा त्रिकोण दांडगाई करतो, वर्तुळ घाबरते, धाकटा त्रिकोण त्याच्या मदतीला येतो. चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही. हालचालीत हेतू दिसला एवढ्यावर मनाने पुढचे सारे रचले. जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली सादर केलेल्या ‘एलायझा’ या संभाषणाच्या प्रोग्रॅमविषयीही असेच घडले. समोरच्याचे वाक्य उलटवून त्याचाच प्रश्न करणे, एवढेच तो प्रामुख्याने करीत असे. तरीही त्यांच्या सचिव महिलेने त्याच्याशी बोलायला सुरुवात केल्यावर खुद्द वायझेनबॉम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. त्या महिलेने तो प्रोग्रॅम तयार होताना पाहिला होता आणि तो केवळ प्रोग्रॅम आहे हे तिला माहीत होते.

खेळांच्या जगातले सर्वात बोलके उदाहरण आहे ‘पोर्टल’ (२००७) या खेळातील एका पेटीचे. एका कोड्यात खेळाडूने ती जड पेटी शेवटपर्यंत बरोबर न्यावी, अशी रचना होती. पण चाचणीसाठी खेळणारे लोक ती वाटेतच विसरून जात. म्हणून निर्मात्यांनी तिच्यावर गुलाबी हृदयाचे चित्र काढले, तिला ‘सोबती’ म्हटले आणि खेळातील आवाजाला तिच्याविषयी चार वाक्ये बोलायला लावली. मग लोक तिला विसरेनासे झाले, आणि कोड्याच्या शेवटी ती भट्टीत टाकावी लागते तेव्हा अनेकांचा हात अडखळू लागला. एका निर्जीव पेटीबाबत हे होत असेल, तर वळून आपल्याकडे पाहणाऱ्या, आपल्यामागे दारातून वाकून येणाऱ्या पात्राबाबत ते झाल्यास नवल नाही. आपल्या मनात काही बिघडलेले नाही.

प्रश्न : सोबती पात्रे ‘वाढतात’ आणि ‘शिकतात’ असे जाहिरातींत म्हटलेले असते. प्रत्यक्षात संगणकाच्या आत काय घडते?

उत्तर : बहुतेक खेळांत वाढ होते ती आधीच लिहून ठेवलेली असते, आणि आपले खेळणे फक्त तिचे कोणते पान कधी उघडायचे हे ठरवते. प्रत्येक सोबत्यापाशी काही आकडे आणि काही खुणा साठवलेल्या असतात. अमुक प्रसंगी खेळाडूने कैद्याला सोडले की मारले, ही एक खूण. त्यामुळे सोबत्याचे मत किती चढले वा उतरले, हा एक आकडा. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) मध्ये हा आकडा उणे १०० ते अधिक १०० असा फिरतो आणि खेळाडूला तो उघड दिसतो. ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) मध्ये तो दडवलेला होता. करमणूक उद्यानातील संध्याकाळी कोण सोबत फिरायला येते, यावरूनच खेळाडूला आपण आजवर कोणाशी कसे वागलो याचा अंदाज येत असे. ‘मास इफेक्ट’ मालिकेने तर २००७, २०१० आणि २०१२ अशा तीन खेळांमधून या खुणा पुढे नेल्या, त्यामुळे पहिल्या खेळात जो सोबती वाचला नाही, तो तिसऱ्यात भेटत नाही.

बोलण्याची निवडही बरीचशी अशाच नियमांनी होते. ‘लेफ्ट फॉर डेड’ (२००८) या खेळात प्रत्येक वाक्याला अटी जोडलेल्या आहेत : कोण बोलतो आहे, जवळ कोण आहे, कोणाला किती इजा झाली आहे. त्या क्षणी ज्या वाक्याच्या सर्वाधिक अटी पूर्ण होतात, ते उच्चारले जाते. ‘जखमी आहेस’ या सर्वसाधारण वाक्यापेक्षा ‘या पुलावर, याच मित्राला, दुसऱ्यांदा लागले’ या परिस्थितीसाठी लिहिलेले वाक्य आधी निवडले जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हा माझ्याकडे खरोखर पाहत होता.

खरोखर शिकणाऱ्या पात्राचे ठळक उदाहरण ‘ब्लॅक अँड व्हाइट’ (२००१) मधील महाकाय प्राण्याचे. त्याने काही केले की त्याला कुरवाळायचे किंवा फटका मारायचा, आणि त्यावरून तो काय खावे, कोणाला मदत करावी, हे शिकत जाई. हे अतिशय आकर्षक होते, पण खेळ बनवणाऱ्यांच्या दृष्टीने अडचणीचेही होते. कारण खरोखर शिकणारा सोबती चुकीचेही शिकतो, आणि मग कथेत त्याच्याकडून जे घडायला हवे ते घडेलच याची खात्री उरत नाही.

प्रश्न : मी दोन खेळ लागोपाठ खेळले. पहिल्यात सोबती पात्रे तासन्तास बोलतात आणि आपली सगळी जीवनकहाणी ऐकवतात. दुसऱ्यात सोबत्याची भाषाच मला कळत नव्हती. तरी आठवण येते ती दुसऱ्याचीच. यामागे काही कारण असेल का?

उत्तर : आपल्या प्रश्नाने या विषयाच्या मुळालाच हात घातला आहे, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

संवादातून आपल्याला सोबत्याची माहिती मिळते. सहवास मात्र हातांनी घडतो, म्हणजे आपण पुन्हा पुन्हा जी कृती त्याच्यासाठी, त्याच्याबरोबर किंवा त्याच्या भरवशावर करतो तिच्यातून. फुमितो उएदा यांचा ‘इको’ (२००१) हा खेळ पाहावा. किल्ल्यात अडकलेला एक मुलगा योर्दा नावाच्या मुलीला बाहेर काढू पाहतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तिचा हात धरण्यासाठी कन्ट्रोलरवरील एक बटण दाबून धरावे लागते. सोडले की हात सुटतो. मुलगा पळू लागला की ती मागे ओढली जाते आणि तो ओढा कन्ट्रोलरच्या थरथरीतून तळहाताला जाणवतो. शिडी चढायची, तरफ ओढायची किंवा सावल्यांशी लढायचे तर हात सोडावाच लागतो, आणि एकटी राहिलेल्या तिला सावल्या ओढून नेऊ लागतात. खेळ थांबवून नोंद करायची असेल, तर दोघांनी एका दगडी बाकावर शेजारी बसावे लागते. काही तासांत खेळाडूचे बोट त्या बटणावर आपोआप जाऊ लागते. ती कोण, कोठली, याविषयी फारसे काही कळलेले नसते. पण ती बरोबर नाही ही गोष्ट बोटाला आधी कळते.

सोबत्याची वाढ ही त्याच्या आकड्यांत शोधण्याऐवजी खेळाडूच्या या सवयीत शोधावी, असे माझे ठाम मत आहे. सवय एकदा जडली की कुशल निर्माता तिच्यात छोटासा बदल करतो, आणि त्या बदलाने जे सांगून होते ते पानभर संवादाने होत नाही.

याचे मला सर्वात मोलाचे वाटणारे उदाहरण ‘द लास्ट ऑफ अस’ (२०१३) मध्ये आहे. जोएल हा मध्यमवयीन पुरुष, ज्याची सूत्रे खेळाडूच्या हाती असतात, आणि एली ही त्याची सोबती, चौदा वर्षांची मुलगी, उद्ध्वस्त झालेल्या देशातून प्रवास करतात. उंच भिंत आडवी आली की जोएल भिंतीला पाठ लावून हातांची ओंजळ करतो, एली धावत येते, त्या ओंजळीवर पाय देऊन वर चढते आणि वरून शिडी खाली सोडते. खेळाच्या दृष्टीने ही एक साधी, जवळजवळ कंटाळवाणी क्रिया आहे आणि ती अनेकदा घडते. त्याच काळात त्यांच्यातील विश्वासही हातांतूनच वाढतो : सुरुवातीला तो तिला बंदूक देत नाही, मग एका प्रसंगी ती त्याचा जीव वाचवते, मग तो तिला रायफल देऊन पहारा करायला सांगतो, आणि नंतर तिला स्वतःचे पिस्तूल मिळते. हिवाळ्याच्या भागात जोएल जखमी असतो आणि सूत्रे एलीकडे, म्हणजे खेळाडूच्याच हाती, येतात; तिच्यावर जे भयंकर गुजरते ते आपण तिच्या जागी राहून सोसतो. त्यानंतर वसंत ऋतूचा भाग सुरू होतो. पुन्हा एक भिंत येते. जोएल नेहमीप्रमाणे ओंजळ करून उभा राहतो, आणि एली येत नाही. ती थोड्या अंतरावर आपल्याच विचारांत हरवून बसलेली असते आणि तिला हाक मारून उठवावे लागते. पुढे वर चढल्यावर ती शिडी द्यायची सोडून, काहीतरी दिसल्यामुळे धावत सुटते. ती ज्यामागे धावते ते जिराफ पुष्कळ खेळाडूंच्या लक्षात राहिले आहेत, आणि ते दृश्य आहेही तसेच सुंदर. परंतु त्याआधीचा, ओंजळ रिकामी राहण्याचा क्षण मला अधिक मोठा वाटतो. आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट घडली नाही, एवढ्यावरून आपण तिचे मन ओळखतो, जसे घरच्या माणसाचे ओळखतो.

‘फायनल फँटसी ७’ मधील एरिथचा मृत्यू आजही लोकांना आठवतो, त्यामागेही हेच कारण आहे. तो केवळ दृश्यात घडत नाही. तिला पथकात ठेवण्याची ज्यांना सवय होती, त्यांच्या पुढच्या लढायांत तिची जखमा भरून काढणारी खास शक्ती उरत नाही. तिच्यासाठी जमवलेले सारे कसब वाया जाते. कथेने सांगितलेली पोकळी खेळताना हाताला लागते.

दुसरी गोष्ट परस्परांच्या गरजेची. ‘हाफ-लाइफ २ : एपिसोड वन’ (२००६) मध्ये काळोख्या भुयारांचा एक भाग आहे. ॲलिक्स या सोबती पात्राकडे बंदूक आहे, खेळाडूकडे विजेरी. त्याने शत्रूवर प्रकाश टाकावा आणि तिने नेम धरावा. कोणीही एकटा पुरेसा नाही, आणि कोणीही दुसऱ्यावर ओझे नाही. याउलट ज्या खेळांत सोबती नुसताच राखायचा ऐवज असतो, तेथे खेळाडूच्या मनात माया न वाढता चीड वाढते. ‘बायोशॉक इन्फिनिट’ (२०१३) च्या निर्मात्यांनी हे ओळखून एलिझाबेथ या सोबती पात्राला लढाईत राखण्याची जबाबदारी खेळाडूवर टाकलीच नाही. उलट तीच गोळ्या आणि औषधे शोधून, हाक मारून त्याच्याकडे फेकते.

तिसरी गोष्ट, जी निर्मात्यांना सर्वात अवघड जाते, ती म्हणजे सोबत्याला स्वतःचे मन असू देणे. उएदा यांच्याच ‘द लास्ट गार्डियन’ (२०१६) मधील त्रिको हा प्रचंड प्राणी सांगितलेले लगेच ऐकत नाही. तो इकडेतिकडे पाहतो, घुटमळतो, कधी भलतीकडेच जातो. लढाईनंतर त्याच्या अंगात रुतलेले भाले उपटावे लागतात आणि तो शांत होईपर्यंत त्याला कुरवाळावे लागते. अनेक खेळाडू यावर चिडले, आणि त्यांची तक्रार सर्वस्वी चुकीची नव्हती, कारण आज्ञा पोहोचलीच नाही की पोहोचूनही त्याने मानली नाही, हे काही वेळा समजत नाही. तरीही, बटण दाबताच हलणारे पात्र हे आपल्या हाताचेच अवजार होते. न ऐकण्याची मुभा असलेल्याने ऐकले, तरच त्याला सोबत म्हणता येते.

आपण ज्या बोलक्या सोबत्यांविषयी लिहिले आहे, त्यांच्यावर मात्र मला अन्याय करायचा नाही. ‘मास इफेक्ट २’ मध्ये प्रत्येक सोबत्याच्या आयुष्यातील एक अडलेली गाठ सोडवण्यासाठी खेळाडू त्याच्याबरोबर जातो, आणि अखेरच्या मोहिमेत कोण जगेल हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते. म्हणजे तेथे ऐकलेल्या कहाणीला कृतीचे वजन आहे. नाते पातळ होते ते भेटवस्तू देत राहिले की आकडा चढतो अशा रचनेत. खेळाडू मग सोबत्याला काय हवे हे न पाहता आकड्याला काय हवे हे पाहू लागतो आणि त्याला आवडेल तेच उत्तर निवडतो. ‘ड्रॅगन एज २’ (२०११) ने यावर चांगला उपाय काढला होता. त्यात मैत्री आणि स्पर्धा अशी दोन टोके होती, आणि सतत मतभेद होणाऱ्या सोबत्याशीही तितकेच गाढ नाते जुळू शकत असे. ही कल्पना पुढे अधिक खेळांनी उचलायला हवी होती.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा खेळातील कुत्रा मेला म्हणून दोन दिवस उदास होता. हे घातक आहे का? खेळ बंद करावा का?

उत्तर : आपली काळजी समजण्यासारखी आहे, परंतु जे वर्णन आपण केले आहे त्यात मला घातक काही दिसत नाही. ज्याची त्याने रोज देखभाल केली ते गेले आणि त्याला वाईट वाटले, हे निरोगी मनाचे लक्षण आहे. पडद्यावरील व्यक्तीशी जुळणाऱ्या एकतर्फी नात्याचा विचार डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ सालीच, रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या संदर्भात, मांडला होता. ही काही खेळांमुळे जन्मलेली व्याधी नाही. ‘तो खरा नव्हता’ असे सांगून विषय मिटवू नये. त्याचे नाव काय होते, तो काय काय करीत असे, हे विचारावे आणि मुलाला बोलू द्यावे. त्याने मित्रांना भेटणे, झोपणे, जेवणे टाळले आणि ते आठवड्यांमागून आठवडे चालले, तर मात्र समुपदेशकाशी बोलणे योग्य.

लक्ष ठेवायचे ते दुसऱ्या ठिकाणी. मुलाच्या मायेचा उपयोग त्याला पैसे खर्च करायला लावण्यासाठी होतो आहे का, हे तपासावे. १९९६ साली आलेले ‘तमागोची’ हे छोटे खेळणेही वेळेवर लक्ष न दिल्यास मरत असे आणि मुलांना त्याचा घोर लागे. पण त्याला वाचवण्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागत नसत. आज फोनवरील काही खेळांत आवडते पात्र सोडतीसारख्या पद्धतीने, पुन्हा पुन्हा पैसे भरून, नशिबावर हवाला ठेवून मिळवावे लागते. रोज न आल्यास बक्षीस बुडते, आणि ‘तू आला नाहीस, मी वाट पाहत होते’ असे वाक्य ते पात्र अगदी गोड आवाजात बोलते. जिव्हाळा निर्माण करणे ही कला आहे. त्या जिव्हाळ्याला ओलीस धरून मुलांकडून पैसे काढणे मला अनैतिक वाटते. असा खेळ असेल तर फोनवरील खरेदीची सोय बंद करावी आणि का बंद केली, हे मुलाला स्पष्ट सांगावे.

प्रश्न : भाषा जाणणारी नवी कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर सोबती पात्रे कशावरही बोलू शकतील. मग लेखकांनी लिहिलेली पात्रे मागे पडतील का?

उत्तर : मला तसे वाटत नाही. कशावरही बोलणे ही सोबत्याची उणीव कधीच नव्हती. योर्दाचे बोलणे कळत नाही आणि त्रिको बोलतच नाही. या तंत्राचा खरा उपयोग स्मरणात होऊ शकेल, म्हणजे खेळाडूने खूप पूर्वी केलेली क्षुल्लक गोष्ट योग्य वेळी आठवण्यात. ती योग्य वेळ कोणती आणि कोणत्या वेळी गप्प राहावे, हे ठरवायला लेखक लागेलच.

प्रश्न : मी विद्यार्थिनी आहे आणि एकटीने एक छोटा खेळ तयार करते आहे. त्यात एक सोबती पात्र हवे आहे. माझ्याकडे आवाज देणारे कलाकार नाहीत आणि फारसा वेळही नाही. सुरुवात कोठून करू?

उत्तर : सुरुवात संवादापासून करू नका. तुमच्या खेळात खेळाडू सर्वाधिक वेळा जी कृती करतो ती शोधा आणि त्या कृतीत सोबत्याला जागा द्या. खेळाडू दिवे लावत असेल, तर सोबत्याने पुढचा दिवा कोठे आहे तिकडे मान वळवावी. तो उड्या मारत असेल, तर सोबत्याने पलीकडे पोहोचून वळून पाहावे आणि थांबावे. नजर, अंतर आणि वेळ ही तीन साधने आवाजाशिवाय पुष्कळ काम करतात. खेळाडू थांबला की सोबत्याने लगेच पुतळ्यासारखे थांबू नये; दोन पावले पुढे जाऊन, मग वळून परत यावे.

त्यानंतर कटकटी दूर करा, कारण त्या माया मारतात. सोबती अरुंद दारात आडवा येत असेल, तर खेळाडूला त्याच्यातून पार होऊ द्या किंवा त्याला बाजूला सरकवा. तो मागे राहिला, तर खेळाडूची पाठ असताना त्याला गुपचूप जवळ आणून ठेवा. मोठमोठे खेळही हेच करतात. ‘द लास्ट ऑफ अस’ मध्ये लपतछपत जाताना एली शत्रूच्या अगदी डोळ्यांसमोरून गेली तरी शत्रू तिला पाहत नाही. हे अवास्तव आहे, पण तिच्या चुकीने खेळाडू पकडला गेला असता तर त्याने तिचा राग केला असता, म्हणून निर्मात्यांनी वास्तवाला मुरड घातली. तुम्हीही निःसंकोच घाला. एकच वाक्य वारंवार ऐकू येणार असेल तर ते काढून टाका. शांतता कोणाला खटकत नाही.

सवय पक्की झाल्यावर तिच्यात एक बदल करा, आणि तो एकदाच करा. सोबती एका ठिकाणी पुढे न जाता मागे उभा राहील, किंवा नेहमी खेळाडू उघडतो ते दार या वेळी तो उघडेल. त्याचे कारण शब्दांत सांगू नका.

मग ज्याने खेळ कधी पाहिलेला नाही अशा एखाद्याला तो खेळायला द्या आणि शेजारी गप्प बसून पाहा. सोबती आवडला का, असे विचारू नका. लोक भिडेपोटी हो म्हणतात. खेळणारा कोपऱ्यावरून वळताना तो मागून येतो आहे की नाही हे पाहायला थांबतो का, एवढे टिपून ठेवा. थांबत नसेल, तर पुन्हा त्या पहिल्या कृतीकडे जा आणि तेथे सोबत्याला आणखी काय करता येईल ते शोधा.